परदेशी शिक्षणाचा व्हिसा: अहेरी-राजुऱ्यातले काही समज

"अमेरिकेनं आपल्या पोरांना व्हिसा देणं बंद केलं म्हणे!" 2025 पासून हे वाक्य चंद्रपूरच्या कोचिंग क्लासपासून अहेरीच्या बसस्थानकापर्यंत फिरतं आहे. त्यात तथ्य एवढंच, की 27 मे 2025 रोजी विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबलं होतं. 18 जूनला ते पुन्हा सुरू झालं, पण अटी वाढल्या. समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. मुलाखतही बहुधा आपल्याच देशात द्यावी लागते. पूर्वी काही जण लवकरच्या तारखेसाठी दुसऱ्या देशात जाऊन मुलाखत देत, ती वाट आता जवळपास बंद आहे. म्हणजे आपल्यासाठी बहुधा मुंबई. दार बंद नाही, उंबरा मात्र उंच झाला आहे.

गैरसमज: नक्षलग्रस्त जिल्ह्याचा पत्ता दिसला की पासपोर्ट, व्हिसा नाकारतात.

हा समज सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक, कारण त्यापायी कित्येक मुलं अर्जच करत नाहीत. पासपोर्ट कधी नाकारता येतो, ते 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 मध्ये दिलं आहे. प्रलंबित फौजदारी खटला, ठराविक मुदतीतली शिक्षा अशी कारणं तिथं आहेत. अमुक जिल्ह्याचा रहिवासी, हे कारण नाही. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी आश्रमशाळेत शिकले आणि पुढे अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करून अमेरिकेतच शास्त्रज्ञ झाले. कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे ॲड. दीपक चटप 2022 साली ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोएस विद्यापीठात गेले. दोघांचेही पत्ते गडचिरोली आणि चंद्रपूर याच दोन जिल्ह्यांतले.

खरी अडचण पत्त्यात नसून कागदात असते. दाखल्यावर 'आत्राम' इंग्रजीत एका 'ए'नं सुरू होतं, आधारवर दोन 'ए'नी. 'मडावी'त कुठं 'व्ही', कुठं 'डब्ल्यू'. वडिलांचं नाव जातीच्या दाखल्यावर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं. हे दुरुस्त करता येतं, पण त्याला महिने लागतात.

गैरसमज: बापाच्या खात्यात पन्नास लाख असल्याशिवाय व्हिसा नाही.

पैसे दाखवावे लागतात, आणि ही अट काही देशांनी कडक केली आहे. कॅनडानं राहण्याच्या खर्चाची रक्कम 1 जानेवारी 2024 पासून 10,000 वरून 20,635 डॉलरवर नेली आणि नंतर आणखी वाढवली. ऑस्ट्रेलियाचं नुसतं अर्जशुल्क 1 जुलै 2024 रोजी 710 वरून 1,600 डॉलर झालं आणि वर्षभरात 2,000. व्हिसा नाकारला तरी हे शुल्क परत मिळत नाही. ज्याच्या घरी धानाची दोन-तीन एकर शेती आहे त्याच्यासाठी ही रक्कमच मोठी बंदी ठरते, यात शंका नाही.

पण पैसे स्वतःचेच हवेत, असं नाही. ब्रिटनच्या नियमात विद्यार्थ्याच्या देशाचं सरकार पूर्ण खर्च उचलत असेल, तर खात्यात 28 दिवस रक्कम ठेवून दाखवण्याऐवजी सरकारचं पत्र चालतं. केंद्राच्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षी 20 जागा असतात. त्यातल्या 3 विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी आहेत, म्हणजे भामरागड-एटापल्लीचे माडिया गोंड आणि जिवती-कोरपन्याचे कोलाम यात येतात. अनुसूचित जातींसाठी वेगळी योजना आहे, आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे.

माझं म्हणणं इथंच आहे. परक्या देशांच्या निर्बंधांवर आपण तावातावानं बोलतो, पण आपल्या सरकारनं शिष्यवृत्तीच्या निवड यादीला उशीर केला तर तोही व्हिसा नाकारल्यासारखाच. पत्र नाही तर पैशाचा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय अर्ज नाही. त्यातून हा सगळा हंगाम जून ते ऑगस्टचा. त्याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर येतो आणि भामरागडचा रस्ता, नेटवर्क दोन्ही जातं.

"कॅनडानं कोटा लावला, आता काही खरं नाही," हेही अर्धसत्य. 2024 पासून परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, पण सरकारी, मान्यताप्राप्त विद्यापीठांतल्या पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना 1 जानेवारी 2026 पासून त्यातून वगळलं आहे. ब्रिटनमध्ये जोडीदाराला नेण्यावर जानेवारी 2024 पासून बंदी आली, तीही संशोधन अभ्यासक्रमांना लागू नाही.

राहता राहिला एजंट. "व्हिसाची गॅरंटी" असं कुणी म्हणालं, की तिथून उठावं. निर्णय त्या देशाचा व्हिसा अधिकारी घेतो. अमेरिकेच्या व्हिसाला, मायदेशी परत येण्याचा हेतू पटला नाही म्हणून 214 (बी) कलमाखाली नकार मिळाला, तरी तो कायमचा नसतो. नवं शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. खोटा कागद जोडला असेल, तर मात्र कायमची बंदीही येऊ शकते.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असाल, तर विद्यापीठ ठरण्याची वाट न पाहता आधी पासपोर्ट काढा, आणि अर्ज करण्यापूर्वी सगळ्या दाखल्यांवरचं नावाचं स्पेलिंग जुळतं का, ते एकदा तपासा.