अंगावर पाजणाऱ्या मातेच्या स्तनांचा ठणका : ओळख व उपाय

दुभत्या गाईची एक धार चुकली म्हणजे तिची कास दाटून येते, ती हात लावू देत नाही, आणि असे वारंवार घडल्यास काससुजीस वाव मिळतो, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. म्हणूनच घरी पाहुणे असोत वा लग्नकार्य असो, धारेची वेळ सहसा चुकविली जात नाही. परंतु त्याच घरातील तान्ह्या बाळाची आई निंदणीसाठी सकाळी शेतावर जाते व दिवस मावळता परतते, तेव्हा बाळाला पाजण्याच्या किती वेळा चुकल्या, याचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. छाती दाटते, रात्री ठणका लागतो, अंगात कणकण येते, आणि मग घरातील वडीलधारी माणसे बहुधा एकच सल्ला देतात : "त्या बाजूचे पाजू नकोस."

हा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी तो घातक आहे. दुखऱ्या बाजूने पाजणे एकाएकी थांबविल्यास दूध साकळून राहते, सूज वाढते आणि गळू होण्याचा संभव अधिक होतो. शिवाय बाळाच्या तोंडचे दूध जाते ते निराळेच.

दुखणे का उद्भवते

स्तनांत दूध तुंबून राहणे हे या दुखण्याचे मुख्य कारण होय. बाळाला दूध उशिरा पाजणे, पाजण्याच्या वेळा चुकणे, घट्ट चोळीचा दाब आणि बाळाने स्तन नीट तोंडात न धरणे यांमुळे दूध तुंबते.

यांपैकी शेवटचे कारण फार महत्त्वाचे असूनही त्याकडे दुर्लक्ष होते. बाळाने केवळ बोंड चोखले तर दूध पुरेसे निघत नाही व बोंडास चिरा पडतात. या चिरांतून रोगजंतू आत शिरू शकतात. बाळाने तोंड मोठे उघडून बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात घ्यावयास हवा. त्याची हनुवटी स्तनास टेकलेली असावी व खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. पाजताना सतत वेदना होत असतील, तर बाळाची पकड चुकली आहे असे समजावे. अशा वेळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात स्वच्छ बोट सरकवून पकड सोडवावी व पुन्हा नीट लावावे.

तीन अवस्था

पहिली अवस्था छाती दाटण्याची. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरते, तेव्हा दोन्ही स्तन जड, ताठ व दुखरे होतात. वेळोवेळी पाजल्यास ही अवस्था एकदोन दिवसांत ओसरते. पुढे कधी एकाच जागी दुखरी गाठ हातास लागते. परंतु ताप नसतो.

दुसरी अवस्था स्तनदाहाची. बहुधा एकाच स्तनाचा काही भाग सुजतो, तापतो व ठणकतो. थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. हा ताप ३८.५ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १०१ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक असू शकतो. पुष्कळदा हिवताप वा फ्लू समजून निराळेच उपचार केले जातात. म्हणून तान्ह्या बाळाच्या आईस ताप आल्यास छातीत दुखते काय, हे अवश्य विचारावे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्हीकडील उष्णता ताडून पाहिल्यास फरक कळतो. पहिल्या सहा आठवड्यांत, विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात, हा विकार अधिक आढळतो.

तिसरी अवस्था गळवाची. औषध घेऊनही ताप हटत नाही आणि गाठ दाबल्यास आत पातळ पदार्थ हलल्यासारखा वाटतो. आत पू झाल्याची ही खूण होय.

आईचे दूध नासत नाही

काससुजी झालेल्या गाईचे दूध डेअरीस घालू नये, असे शेतकऱ्यांस सांगितले जाते व ते योग्यच आहे. एका गाईच्या दुधाने साऱ्या कॅनमधील दूध बिघडते व औषधाचा अंश ग्राहकांच्या पोटात जातो. याच अनुभवावरून आईचेही दूध नासले असेल, अशी समजूत होते. परंतु येथे गाईचा दाखला लागू पडत नाही. स्तनदाह झालेल्या मातेचे दूध थेट तिच्याच बाळाच्या पोटात जाते. हे जंतू बहुधा आईच्या त्वचेवर व बाळाच्या नाकातोंडात आधीपासूनच असतात, आणि दुधातच बाळाचे रक्षण करणारे घटक असतात. दूध थोडे खारट लागल्याने बाळ कुरकुर करील. पण निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळास त्यापासून अपाय होत नाही. माता एच. आय. व्ही. बाधित असल्यास, अथवा बाळ अपुऱ्या दिवसांचे वा आजारी असल्यास, मात्र डॉक्टरांचा सल्ला तत्काळ घ्यावा.

घरी करावयाचे उपाय

१. बाळ मागेल तेव्हा दोन्ही बाजूंनी पाजावे. दुखऱ्या बाजूची पाळी टाळू नये.

२. स्तन फार ताठ असल्यास बोंडाभोवतीचा भाग बोटांच्या टोकांनी मिनिटभर हलकेच दाबून धरावा किंवा थोडे दूध हाताने काढावे. त्यामुळे तो भाग मऊ होतो व बाळास पकड घेता येते.

३. पाजून झाल्यावर थंड पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके दहा ते पंधरा मिनिटे ठेवावे. त्याने सूज व ठणका कमी होतो.

४. बोंडास चिरा असल्यास पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब लावून वाळू द्यावा. साबण लावू नये.

५. मातेस विश्रांती, भरपूर पाणी व नेहमीचे सकस जेवण द्यावे. वेदनेवर पॅरासिटामॉलची गोळी अंगावर पाजणाऱ्या मातेस चालते. तिचे प्रमाण आरोग्य सेविकेस विचारावे.

काय करू नये

गाठ फोडण्याच्या उद्देशाने जोराने चोळू नये. त्यामुळे आतील भागास इजा होऊन सूज वाढते. पूर्वी जोरदार मालीश करण्याचा व स्तन पूर्ण रिकामा करण्याचा सल्ला दिला जाई. अलीकडे तो मागे पडला आहे. बाळाच्या गरजेहून अधिक दूध वारंवार काढल्यास शरीर आणखी दूध तयार करते व दाटी कायम राहते. येथेही गाईच्या धारेचा नियम लावू नये. तापलेली वीट किंवा कढत पोटली यांनी त्वचा भाजते. छाती फडक्याने आवळून बांधू नये. गळू घरी सुईने वा पात्याने फोडू नये. गोठ्यात उरलेली, जनावरांच्या सडात सोडावयाची औषधे माणसासाठी कदापि वापरू नयेत.

दवाखाना केव्हा गाठावा

घरच्या उपायांनी २४ तासांत उतार न पडल्यास, अथवा आरंभापासूनच ताप व ठणका जबर असल्यास, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. बोंडातून पू वा रक्त येणे, गाठ मऊ पडून फुगणे, माता ग्लानीत असणे, ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. डॉक्टरांनी प्रतिजैविक औषध दिल्यास त्याचा क्रम, जो बहुधा १० ते १४ दिवसांचा असतो, पुरा करावा. बरे वाटताच औषध सोडू नये. आपण अंगावर पाजतो, हे डॉक्टरांस आठवणीने सांगावे, म्हणजे ते योग्य औषध निवडतील. गळू झाल्यास डॉक्टर सुईने पू ओढून काढतात किंवा लहान छेद देतात. त्यानंतरही पाजणे बहुधा चालू ठेवता येते. उपचारानंतरही गाठ वा लाली राहिल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी. क्वचित ते निराळ्या गंभीर रोगाचे लक्षण असू शकते.

हंगामातील व्यवस्था

१९९२ सालापासून १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. आपल्याकडे हेच दिवस खरिपाच्या निंदणीचे असतात. मजूर मिळत नाहीत म्हणून बाळंतिणीस लवकर शेतावर जावे लागते. तिला कामावरून सोडविणे शक्य नसेल, तरी पुढील व्यवस्था प्रत्येक घरी शक्य आहे. शेतावर जाण्यापूर्वी व परतल्यावर लगेच पाजावे. दुपारी सासूने किंवा नणंदेने बाळास बांधावर सावलीत आणावे. ते न जमल्यास घरून निघताना उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत दूध काढून, झाकून, थंड जागी ठेवावे व चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे; बाटली वापरू नये. बाळ घरीच राहिले, तर मातेनेही दुपारी हात धुऊन, दाटी उतरेल इतकेच दूध काढावे. फवारणी झालेल्या पिकात काम केले असल्यास हात व छाती साबणाने धुऊन, कपडे बदलूनच बाळास जवळ घ्यावे. मात्र साबण बोंडास लावू नये.

कार्यकर्त्यांचे काम

दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. तिसऱ्या दिवशी छाती दाटते आणि १४ व २१ व्या दिवसांच्या आसपास स्तनदाहाचे भय अधिक असते. म्हणून या भेटींत बाळाचे वजन पाहून थांबू नये. बाळास प्रत्यक्ष पाजावयास सांगून त्याची पकड पाहावी व दुखते काय, हे एकांतात विचारावे. पुष्कळ माता संकोचाने आपण होऊन बोलत नाहीत. सासूबाईंसही या बोलण्यात सामील करून घ्यावे, कारण पाजणे चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा निर्णय पुष्कळ घरांत त्यांच्याच शब्दावर ठरतो.

घरातील पुरुषांचाही येथे वाटा आहे. पेरणीची आखणी करताना जसा बैलजोडीचा व बियाण्याचा विचार होतो, तसाच घरातील बाळंतिणीच्या दुपारच्या अर्ध्या तासाचाही व्हावा. तो अर्धा तास वाचविण्याच्या नादात गळू झाले, तर औषधपाण्याचा खर्च होतो, कित्येक दिवसांची मजुरी बुडते आणि बाळाच्या वाट्याचे दूधही कमी होते.