पत्त्यांतली लढाई

मंडळी, भिकार-सावकारात सारा भार नशिबावर. पण पत्त्यांत डोक्याने लढता येते. लढाईची कल्पनाही जुनीच. 'आइने-अकबरी'त गंजिफ्याचे १२ रंग सांगितले आहेत, त्यांत अश्वपती, गजपती, गडपती, दलपती आहेत.

तेव्हा पाचोडच्या बाजारातून साधा कॅट आणा. बदामाची १३ पाने तुमची, इस्पिकाची १३ गड्याची. दोघांनी एकेक पान पालथे ठेवून एकदमच उलटावे. मोठे पान दोन्ही जिंकते. बरोबरी झाली तर दोन्ही बाद. वापरलेले पान परत येत नाही. एक्का म्हणजे गड, सर्वांत मोठा. मात्र दुर्री त्याला सुरुंग लावते. जास्त पाने जिंकेल तो विजयी.

दुर्रीचा नियम नसता, तर एक्का बेफिकीर टाकता आला असता. दुबळ्याच्या हाती काही असले, म्हणजेच बळीवंत विचार करतो. खरी लढाई तिथेच.