थांबण्याचे शास्त्र : लेखांक ९ – वाढवलेले पाटे

मास्टर सिलिंडरच्या व्यासाचा हिशेब या खेपेस मांडीन, असे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी खटकचिंचोळीच्या एका वाचकाची कैफियत येऊन थडकली आणि तो हिशेब तहकूब ठेवणे भाग पडले. या गृहस्थांनी आपल्या प्रवासी जीपला पुढे मोठ्या डिस्क, नवे कॅलिपर आणि उंची पॅड बसविले. रिकामी गाडी उत्तम थांबते. पण माणिकनगरच्या यात्रेची माणसे भरून हुमनाबादच्या रस्त्याला लागले, की पेडल दाबताच गाडी नाक खाली घालते, पुढून जळका वास सुटतो आणि थांबायचे तिथे ती थांबत नाही. याहून मोठ्या डिस्क मिळतील काय, अशी त्यांची पृच्छा.

गाडी भालकीस आली तेव्हा मी डिस्ककडे पाहिलेदेखील नाही. मागे जाऊन ओणवा झालो. कारखान्याने दिलेल्या पाट्यांच्या जोडीस कमानीत आणखी दोन पाटे सरकवलेले होते आणि मागची बाजू सुमारे दोन इंच उचललेली होती. आमच्या मुलखात हा रिवाजच पडून गेला आहे. गाडी बसते म्हणून पाटे वाढवायचे, आणि पाटे वाढले म्हणून माणसे वाढवायची.

समजा, रिकाम्या गाडीचे वजन १६०० किलो असून ते पुढे-मागे निम्मे निम्मे आहे. जोराने ब्रेक लावता मागच्या चाकांवर ५५० किलोच्या आसपास उरते. तीच गाडी ७०० किलो माणसे व बोचकी घेऊन निघाली, आणि त्यांतील बहुतेक भार मागे असला, तर तितक्याच जोराच्या ब्रेकला मागे ९४० किलोच्या आसपास उरते. तेव्हा मागच्या ब्रेकला रिकामेपणी कमी आणि भरलेपणी अधिक दाब मिळाला पाहिजे. यासाठी अशा गाड्यांत चॅसीला एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा मागच्या हाऊसिंगला जोडलेला असतो. गाडी भाराने खाली बसली, की दांडा फिरतो आणि मागच्या चाकांकडे अधिक दाब सोडला जातो.

मात्र हा व्हॉल्व्ह वजन पाहत नाही, उंची पाहतो. बांधावरूनच नजरअंदाज आणेवारी लिहून मोकळा होणारा कारकून आणि हा, दोघे एकाच दप्तरातले. पाटे वाढवून गाडी उचलली, की पंधरा माणसे बसली तरी तो आपला रिकाम्या गाडीचाच शेरा मारतो. मागचे ब्रेक उपाशी राहतात, सारे ओझे पुढच्या डिस्कवर पडते, आणि डिस्क कितीही मोठी असली तरी ती तापतेच. त्यात ब्रेक ऑईल जुने असले तर पाहायलाच नको : डॉट ३ जातीचे ताजे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; हवेतली ओल पिऊन मुरलेले १४० अंशांच्या सुमारासही उकळू शकते, आणि मग पेडल सरळ फळीला टेकते.

काही मिस्त्री यावर दांडा तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे पूर्ण दाब मागे कायमचा. माझ्या मते हा उपाय रोगाहून वाईट. पावसाळ्यात ओल्या डांबरावर रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. पुढची चाके आधी जाम झाली, तर गाडी वळत नाही खरी, पण निदान सरळ जाते.

जाता जाता एक. हवा काढताना गाडी जॅकवर टांगून मागची चाके लोंबकळत ठेवू नयेत. दांडा खाली पडून व्हॉल्व्ह जवळजवळ मिटतो आणि मागच्या नळीतली हवा तिथेच राहते. हाऊसिंगखाली टेकू द्यावा.

गृहस्थ पाटे काढण्यास राजी नव्हते. दांड्याचा ब्रॅकेट तेवढाच वर घेतला असता रिकाम्या गाडीचा हिशेब जमला असता. परंतु कडक कमान भाराने दबतच थोडी, म्हणून भरल्या गाडीचा चुकतच राहिला असता. हे त्यांना जमिनीवर खडूने आकृती काढून दाखविले. अखेर दोन्ही पाटे उतरले, ऑईल बदलले, मागचे लायनर जुळवले आणि दांडा कारखान्याच्या मापावर आला. मग ओल्या मैदानात, आधी रिकाम्या आणि नंतर धान्याची पोती भरलेल्या गाडीने, सावकाश वेग वाढवीत पाहिले. दोन्ही वेळा पुढचीच चाके आधी जाम झाली. गाडी आता मागे थोडी बसते, याबद्दल गृहस्थांची कुरकुर अद्याप चालू आहे.