यंत्र मिटल्यावर काय उरते?

पुस्तकावर मोबाइल धरताच छापील वाघ पानावरून उठून चालू लागतो, याचे आजच्या मुलांना फारसे नवल राहिलेले नाही. या तंत्राला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. कॅमेरा पानावरील खूण ओळखतो आणि पडद्यावर नेमक्या त्याच जागी हलते चित्र उभे राहते. वाचनापासून दुरावलेले मूल यामुळे पुस्तकाकडे वळेल, अशी आशा पालक-शिक्षकांना वाटते. ती अनाठायी नाही. तथापि, मूल वळते ते पुस्तकाकडे की पडद्याकडे, हा प्रश्न उरतोच.

या संदर्भात दोन उदाहरणे बोलकी आहेत. मार्क बिलिंगहर्स्ट, हिरोकाझू काटो आणि इव्हान पुपिरेव्ह या संशोधकांनी २००१ मध्ये ‘मॅजिकबुक’ची माहिती प्रसिद्ध केली. हातात धरावयाच्या दर्शकातून पाहिले की पानावर देखावा उभा राही आणि तो अनेकांना एकत्र पाहता येई. दर्शक बाजूला ठेवला, तरी मजकूर व चित्रे असलेले साधे पुस्तक हाती उरे. २०१२ मध्ये सोनी कंपनीने ‘वंडरबुक’ बाजारात आणले. जे. के. रोलिंग यांच्यासारख्या लेखिकेचा त्यास हातभार होता. परंतु त्याच्या पानांवर गोष्ट नव्हतीच; होत्या त्या केवळ कॅमेऱ्यासाठीच्या खुणा. प्लेस्टेशन ३ हे यंत्र असेल तरच ते बोले. मोजक्या कथांनंतर ही मालिका थांबली, पुढे त्या यंत्राचे उत्पादनही बंद झाले. यंत्र बिघडलेल्या घरात त्या पुस्तकाच्या नुसत्या मुक्या आकृत्या राहिल्या.

थोरल्या भावंडाचे पुस्तक धाकट्याच्या हाती जाते, तेव्हा त्याचे पुठ्ठे निघालेले असतात. गोष्ट मात्र शाबूत असते. पुस्तकाचे हे दीर्घायुष्य यंत्राच्या अल्पायुष्याशी बांधणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय ‘वाघ आला’ एवढे वाचून मूल मनात जो वाघ उभा करते, तो त्याचा स्वतःचा असतो. पडद्यावरचा वाघ सर्वांना सारखाच दिसतो.

म्हणून नव्या तंत्राला दार लावून घ्यावे, असे मुळीच नाही. हृदयाचे स्पंदन किंवा ग्रहांची गती दाखविण्यास ते खरोखरच उपकारक आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, तरी मोबाइल नसलेल्या मुलालाही धडा वाचता येतो. हाच विवेक गोष्टीच्या पुस्तकांबाबत हवा. शाळेसाठी असे पुस्तक घेताना शिक्षकांनी ते आधी यंत्रावाचून वर्गात वाचून पाहावे. मुले ‘पुढे काय झाले?’ असे विचारू लागली, तर ते अवश्य घ्यावे.