अविभाज्य क्रिया आणि मेमरी बॅरियर : कर्नल प्रोग्रॅमिंगमधील क्रमाचा प्रश्न

प्रस्तावना

गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणमधील एखाद्या कारखान्याची कल्पना करावी. आधी रंगकाम, मग डोळ्यांची आखणी आणि त्यानंतर फळ्यावरील ‘तयार मूर्ती’ या आकड्यात एकाची भर, असा तेथील क्रम आहे. आकडा एका वेळी एकाच कारागिराने बदलावा असा नियम केल्यास बेरीज चुकत नाही. परंतु आखणीपूर्वीच भर घातली गेली, तर बेरीज अचूक असूनही रोह्याहून टेम्पो घेऊन आलेल्या व्यापाऱ्याच्या हाती डोळे नसलेली मूर्ती पडेल. पहिला नियम अविभाज्यतेचा, दुसरा क्रमाचा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अध्यापनात पहिल्यावर भर दिला जातो आणि दुसरा त्यातच आला असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे आहे.

क्रम का बदलतो?

प्रोसेसर प्रत्येक लेखन तत्काळ मुख्य स्मृतीत पोहोचवीत नाही. ते प्रथम स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये ठेवतो. कंपायलरही सूचनांची फेरमांडणी करतो. ज्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम चालतो त्याला हा बदल जाणवत नाही. दुसऱ्या प्रोसेसरला मात्र लेखने उलट क्रमाने दिसू शकतात. मेमरी बॅरियर म्हणजे या फेरमांडणीला घातलेला अडसर होय.

लिनक्स कर्नलमधील नियम

लिनक्समध्ये ‘ॲटॉमिक इंक’ किंवा ‘ॲटॉमिक डेक’ यांसारख्या, मूल्य परत न करणाऱ्या क्रिया क्रमाची कोणतीही हमी देत नाहीत. ‘ॲटॉमिक डेक अँड टेस्ट’सारख्या, मूल्य परत करणाऱ्या क्रिया मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण क्रम राखतात. हा भेद नावावरून ओळखता येत नाही, हीच खरी अडचण. समजा, एखाद्या वस्तूवर ‘मृत’ अशी खूण करून मग तिचा संदर्भ-गणक ‘ॲटॉमिक डेक’ने कमी करावयाचा आहे. या दोहोंच्या मध्ये ‘एसएमपी एमबी बिफोर ॲटॉमिक’ हा बॅरियर नसेल, तर घटलेला गणक आधी आणि खूण नंतर दिसू शकते. गणकाच्या आधी व नंतर वापरावयाची बॅरियरची ही सामाईक जोडी 2014 मध्ये लिनक्स 3.16 मध्ये आली. त्यापूर्वी वाढ आणि घट यांसाठी वेगवेगळी नावे होती.

लिहिणाऱ्याने अडसर घातला म्हणजे काम संपले असेही नाही. फळा पाहण्याआधीच व्यापाऱ्याने मूर्तीची जुनी नोंद वाचून ठेवली असेल, तर कारखान्यातील शिस्त त्याच्या उपयोगी पडत नाही. ‘ॲटॉमिक रीड’ केवळ वाचते. त्यापुढे ‘इफ’ची अट असली तरी प्रोसेसर अटीनंतरचे वाचन आधीच उरकू शकतो, म्हणून तेथेही वाचनाचा बॅरियर हवा. बॅरियर जोडीनेच वापरावे लागतात.

प्रयोगशाळेतील मर्यादा

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सामान्यतः इंटेल किंवा एएमडीचे प्रोसेसर असतात. त्यांच्यावरील ‘लॉक’युक्त सूचना स्वतःच पूर्ण बॅरियरचे काम करते. त्यामुळे बॅरियर विसरलेला कोड तेथे बहुधा बिनचूक चालतो आणि प्रात्यक्षिकात त्याला पूर्ण गुणही मिळतात. तोच कोड एआरएम प्रोसेसरवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या लिनक्स कर्नलमध्ये, क्वचित आणि अनियमितपणे फसू शकतो. ‘चालला, म्हणून बरोबर’ हा निकष येथे निरुपयोगी ठरतो. एआरएम यंत्र आणूनही प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण दहा लाख वेळा न दिसलेली चूक त्यानंतरच्या फेरीत दिसू शकते.

यावर उपाय मात्र साध्या संगणकावरही उपलब्ध आहे. 2018 मध्ये लिनक्स 4.17 सोबत कर्नलचे औपचारिक मेमरी मॉडेल समाविष्ट झाले. ‘हर्ड’ हे साधन त्याच्या आधारे काही ओळींच्या प्रोग्रॅमचे सर्व संभाव्य निष्कर्ष काढून दाखविते. त्यातून एक बॅरियर काढून टाकावा आणि पूर्वी अशक्य असलेला कोणता निष्कर्ष आता शक्य झाला, हे विद्यार्थ्यास शोधावयास सांगावे. एका तासिकेत हा प्रयोग पूर्ण होऊ शकतो.