हंडा सांडत नाही, मग चित्र का हलतं?



आमच्या गटाकडे एक जुना व्हिडिओ आहे. आपल्या पीजेचा, म्हणजे पाचोरा-जामनेर या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीचा. पहूरला चढून आम्ही शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हाचा. गटातल्या एक आजी लग्न होऊन याच गाडीने सासरी आल्या होत्या. आता त्यांना चालवत नाही. म्हणून आम्ही हौसेने तो व्हिडिओ त्यांना दाखवायला नेला. अर्ध्या मिनिटात त्यांनी मान फिरवली. म्हणाल्या, "बंद कर व माय, डोकं फिरून राह्यलं."

2020 च्या टाळेबंदीत पीजे थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गावर रुंद रूळ येत आहेत. नवी गाडी येईल, पण ती जुनी गाडी पुन्हा चित्रित करता येणार नाही. ही गोष्ट आमच्या मनाला लागली.

आता आमची सहल अजिंठ्याला जाणार आहे. बैठकीत कोणी म्हणालं, "या वेळी मोबाइल हलू न देणारं यंत्र घेऊ." किंमत विचारली तर पाच हजारांच्या घरात! गटाचा पैसा म्हणजे प्रत्येकीने घरखर्चातून वाचवलेला पैसा. म्हणून आधी चौकशी केली, शिकून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

चित्र हलतं ते तीन कारणांनी. एक, हाताची थरथर. दोन, मोबाइल डावी-उजवीकडे कलणं. तीन, चालताना पावलागणिक बसणारा हिसका. गाडीत बसलो की चौथं कारण येतं, गाडीचा थरकाप. कोणतंही एक साधन या चारही गोष्टी थांबवत नाही. हे समजलं की दुकानात फसगत होत नाही.

पहिला उपाय फुकट आहे. डोक्यावर भरला हंडा असला की आपण कशा चालतो? गुडघे थोडे सैल, पावलं लहान, टाच अलगद टेकलेली, नजर समोर. पाणी सांडत नाही. मोबाइल हातात असतानाही तसंच चालायचं. मोबाइल आडवा, दोन्ही हातांनी धरायचा आणि कोपरं अंगाशी लावायची. उभ्याने चित्रण करताना खांबाला किंवा भिंतीला पाठ टेकायची. एका जागी मनात दहा आकडे मोजायचे, मगच मोबाइल फिरवायचा. झूम करायचं नाही. झूम केलं की वस्तूबरोबर थरथरही मोठी दिसते. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. एसटीत बसलात तर कोपर खिडकीच्या कडेला टेकवू नका, तिथून सगळा थरकाप हातात येतो.

दुसरा उपाय तुमच्या मोबाइलमध्येच असू शकतो. बऱ्याच मोबाइलमध्ये चित्र स्थिर करण्याची सोय असते. काहींत भिंगच बारीक हालचाल करून थरथर सावरतं. काहींत मोबाइल चित्राच्या कडा कापतो आणि उरलेला भाग जागेवर ठेवतो. म्हणून माणसाच्या डोक्यावर थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर कपाळ कापलं जाईल. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू आहे का ते बघा. स्वस्त मोबाइलमध्ये सर्वांत मोठ्या आकाराचं चित्रण निवडलं की ती कधी कधी बंद पडते. तेव्हा 1080 वर ठेवलेलं बरं. अंधारात मात्र ही सोय कमी पडते, चित्र पुसट होतं.

तिसरा उपाय म्हणजे तीन पायांचा स्टँड, ट्रायपॉड. मोबाइलचा साधा स्टँड पाचशे ते हजार रुपयांत मिळतो. मुलाखत, पाककृती, गटाची बैठक यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तो आपल्याबरोबर चालत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तो लावता येत नाही.

पैसा नसला की डोकं चालतं, हे आपल्या शेजारच्या मालेगावने दाखवलं आहे. नासीर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. मोठ्या सिनेमात कॅमेरा सरकवायला रूळ आणि गाडा असतो. मालेगावच्या मंडळींनी कॅमेरावाल्याला सायकलवर बसवलं आणि सायकल हळूच ढकलली. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे बघायला मिळतं. चाक सपाट जागेवर फिरलं की पावलाचा हिसका येत नाही, एवढंच त्यामागचं गणित.

आता चौथा उपाय, तेच पाच हजारांचं यंत्र. त्याला गिंबल म्हणतात. मूठ आपल्या हातात, वर मोबाइल, मध्ये छोट्या मोटारी. हात डावीकडे कलला की यंत्राला ते लगेच कळतं आणि मोटार मोबाइलला तेवढंच उजवीकडे फिरवते. म्हणून मोबाइल सरळ राहतो. एका मोटारीचं गिंबल सेल्फी स्टिकसारखं दिसतं, स्वस्त असतं, पण एकाच दिशेचं कलणं सावरतं. चालत चित्रण करायचं तर तीन मोटारींचंच घ्यावं. एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. पावलाचा वर-खाली हिसका गिंबल पूर्ण थांबवत नाही. तिथे हंड्याचीच चाल लागते.

घ्यायचंच ठरलं तर दुकानात स्वतःचा मोबाइल न्या आणि या गोष्टी तपासा.

मोबाइल त्यात बसतो का? वजन पेलतं का? डब्यावर किती ग्रॅमपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. जाड कव्हर काढून बसवा. यंत्र चालू करण्याआधी मोबाइल मधोमध बसला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर मोटारीवर ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते.

दुकानातच वीस पावलं चाला, एकदा यंत्राशिवाय आणि एकदा यंत्रासह. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. फरक दिसला नाही तर पैसे खिशात ठेवा.

त्याचं अॅप तुमच्या मोबाइलवर चालतं का? अॅपशिवाय निदान चित्र स्थिर राहतं का? चार्जिंगची वायर घरातल्या मोबाइलचीच चालते का? घडी घालून पिशवीत मावतं का? पक्कं बिल आणि वॉरंटी मिळते का? जुनं घेत असाल तर अर्धा तास चालवून बॅटरी बघा.

आम्ही काय ठरवलं? सध्या फक्त स्टँड घेतला. अजिंठ्याला जाईपर्यंत रोज एकीने दोन मिनिटांचं चित्रण करून गटाला दाखवायचं. सहलीनंतरही गरज वाटली तर दोन-तीन गटांनी मिळून एक गिंबल घ्यायचं आणि कोणी कधी नेलं ते वहीत लिहायचं. तुम्हीही जाणार असाल तर लक्षात ठेवा, लेणी सोमवारी बंद असतात आणि आत फ्लॅश चालत नाही.

आणि पीजेचा तो व्हिडिओ? मोबाइलमधल्या फोटोंच्या काही अॅपमध्ये झालेलं चित्रण सावरण्याचं बटण असतं, त्यावर 'स्टॅबिलाइज' लिहिलेलं असतं. ते वापरून पाहिलं. कडा कापल्या गेल्या, पुसट झालेला भाग तसाच राहिला. पण वीस सेकंदांचा एक तुकडा बरा निघाला. डब्याचं दार आणि मागे जाणारी कपाशी. आजींनी तो दोनदा बघितला. मग म्हणाल्या, "थोडं हळू चालली असती तू, तर स्टेशनबी दिसलं असतं."

त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून अजिंठ्याला आम्ही हंडा घेतल्यासारखंच चालणार आहोत.