पनवेलला सामन्याला येताय?

मुलगा किंवा मुलगी शाळेच्या संघात निवडली गेली, की घरात पहिला प्रश्न निघतो, 'सामने कुठं आहेत?' दुसरा प्रश्न आईचा असतो, 'राहण्या-जेवण्याची सोय काय?' वडील गाडीभाड्याचा हिशेब मांडू लागतात. आजी लाडू बांधायला घेते. खेळाचा प्रश्न कोणी विचारलाच तर तो अगदी शेवटी!

मी पनवेलचा जुना रहिवासी. सामन्यांच्या दिवसांत पाठीवर मोठाल्या पिशव्या, हातात बॅट नाहीतर भाला, आणि तोंडावर 'आता कुठं जायचं?' असा भाव घेऊन आलेली पोरं, त्यांचे शिक्षक आणि पाठोपाठ आलेले आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. कबड्डी आणि खो-खो तर आपले घरचेच. पण त्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही आहेत. तेव्हा मुलांचा खेळ कोणताही असो, पनवेलला येणाऱ्या पाहुण्यांसाठी या चार गोष्टी.

पहिली गोष्ट स्टेशनाची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बरची लोकल थेट पनवेलला येते. अंतर सुमारे ४९ किलोमीटर. वेळ सव्वा ते दीड तास धरावा. दादरच्या मंडळींनी कुर्ल्याला गाडी बदलावी. ठाणेकरांना ठाण्याहूनच पनवेलची लोकल मिळते. कोकणातून येणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात आणि पुण्याकडून एस.टी. आहेच. पण उतरल्यावर आधी एक चौकशी करा : मैदान कोणत्या बाजूला? रुळांच्या पूर्वेला नवीन पनवेल आणि पश्चिमेला जुने गाव. नुसते 'पनवेल' एवढ्यावर विसंबून चुकीच्या बाजूला उतरलेला संघ गोलंदाजासकट रिक्षात कोंबून इकडून तिकडे न्यावा लागतो, आणि पंचांचे घड्याळ काही कोणासाठी थांबत नाही!

दुसरी गोष्ट कागदांची. जन्मतारखेचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि आधार कार्ड यांच्या दोन-दोन प्रती मुलाच्या पिशवीत आणि एक शिक्षकांजवळ असावी. वयाच्या एका कागदापायी वर्षभर घाम गाळलेले पोर मैदानाबाहेर बसते, त्याच्याइतके केविलवाणे दृश्य दुसरे नाही. पाण्याची मोठी बाटली, टोपी, घरातले साधे मलमपट्टीचे सामान आणि मोज्यांचा जादा जोड इतके बरोबर असले म्हणजे पुरे. पावसाळ्यात मात्र आमचा पाऊस गृहीत धरूनच यावे. तो छत्रीला जुमानत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले.

तिसरी गोष्ट गावाची. पाहुण्यांची ऊठबस हा पनवेलचा फार जुना धंदा आहे. १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाला तेव्हा मुंबईचा माणूस गलबतात बसून पनवेलच्या बंदरी उतरे आणि इथून गाडी करून पुण्याला जाई. गाड्यांची चाके बनवण्यासाठी हे गाव नावाजलेले होते. पुढे १८६३ मध्ये कर्जतवरून बोरघाटातून आगगाडी गेली, आणि वाटसरू आम्हांला वगळून जाऊ लागला. पण गाव खचले नाही. १८५२ ची नगरपालिका होती तिची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ती पहिलीच! आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तर तालुक्यात विमानतळाचेही उद्घाटन झाले. बंदर गेले, विमान आले. मधल्या काळात चाके मात्र चालूच होती.

सामना दुपारी असेल तर सकाळी मुलांना जुन्या गावातून पायी फिरवून आणावे. वडाळे तलावाच्या काठी घटकाभर बसावे, बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावे. बेने इस्राएल समाजाचे 'बेथ एल' हे १८४९ सालचे प्रार्थनामंदिर याच गावात आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी 'धूतपापेश्वर' हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ मध्ये इथेच सुरू केला. एक दिवस जास्त हाताशी असेल तर गोवा रस्त्याने निघावे. वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथे झाला. तिथून पुढे, पनवेलपासून सुमारे बारा किलोमीटरवर कर्नाळा. अंगठा उभा धरावा तसा त्या किल्ल्याचा सुळका दुरूनच ओळखू येतो. पायथ्याचे जंगल १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. सुळक्यावर आग्या मोहोळे असतात, तेव्हा विजयाच्या आरोळ्या तिथे ठोकू नयेत! आणि थंडीत आलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे आणि हवी त्यांच्यासाठी अंडी-कोंबडी भरतात आणि मडके उपडे करून भोवती जाळ लावतात. मात्र हा बेत सामन्यानंतरचा. आधी केलात तर प्रतिस्पर्ध्यांचे फावेल.

आता चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ती सांगण्यासाठी तुम्हांला जरा सातासमुद्रापार नेतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यमस्पोर्ट नावाचे एक लहान शहर आहे. एकेकाळी लाकडाच्या व्यापारावर ते गब्बर होते. पुढे जंगले संपली आणि तो व्यापारही ओसरला. तिथल्या कार्ल स्टॉट्झ या गृहस्थाच्या ध्यानात आले, की मुलांना बेसबॉल खेळायची हौस आहे, पण मैदान मोठ्यांच्या मापाचे आहे. बेसबॉलच्या चौकोनाला चार ठाणी असतात. फलंदाजाने चेंडू टोलवून एकामागून एक ठाणी गाठत पुन्हा घरी यायचे, की एक धाव. मोठ्यांच्या खेळात दोन ठाण्यांमधले अंतर ९० फूट. स्टॉट्झने ते ६० फुटांवर आणले. मुलांना मोठे व्हायला न सांगता त्याने मैदानच लहान केले! १९३९ साली तीन संघांवर त्याची 'लिटल लीग' सुरू झाली. १९४७ पासून तिथे मुलांची मोठी स्पर्धा भरते, आणि आज देशोदेशींचे संघ तिथे येतात. प्रेक्षकांना तिकीट नाही. आणि सर्वांत गोड गोष्ट ही, की बाहेरून आलेल्या प्रत्येक संघाच्या दिमतीला गावातले स्वयंसेवक दिले जात आणि त्यांना 'काका' म्हणत! आता त्यांना 'यजमान' म्हणतात, पण काम तेच : पोरांना सांभाळायचे, वाट दाखवायची, हरल्यावर पाठीवर हात ठेवायचा.

पण याच गावाने एक कडू दिवसही पाहिला. १९५५ साली चार्ल्सटन गावचा 'कॅनन स्ट्रीट वाय.एम.सी.ए.' हा कृष्णवर्णीय मुलांचा संघ स्पर्धेत उतरला, तेव्हा त्यांच्या राज्यातल्या गोऱ्या संघांनी त्यांच्याशी खेळायलाच नकार दिला आणि माघार घेतली. मग नियमावर बोट ठेवण्यात आले : सामना न खेळता पुढे आलेला संघ अंतिम स्पर्धेला पात्र नाही. त्या मुलांना विल्यमस्पोर्टला पाहुणे म्हणून बोलावले, खाऊपिऊ घातले, आणि प्रेक्षकांत बसवले. बारा वर्षांची पोरे आपले साहित्य घेऊन आली होती! तेव्हा प्रेक्षकांतून आरोळी उठली, 'खेळू द्या त्यांना!' पण खेळू दिले नाही. मुलींना तर त्या लीगचे दार १९७४ साली उघडले.

हे वाचल्यापासून मला वाटते, की यजमान गावाचा पाहुणचार चहा-पोह्यांवर मोजू नये. गादी थोडी कठीण असली तरी मुले कुरकुर करीत नाहीत. त्यांना हवे असते ते मैदान, आणि त्यावर उभे राहण्याचा हक्क. एकदा आमच्याकडे दोन पाहुणी खेळाडू मुले उतरली होती. त्यातला एक पहिल्याच फेरीत बाद होऊन आला, आणि जेवायला बसेना. आमच्या आईने त्याला हरल्या-जिंकल्याचे काही विचारले नाही. 'बाळ, पुन्हा वाढू का?' एवढेच म्हणाली. तो रडला, आणि मग पोटभर जेवला. शेजारच्या खोलीत त्याचे वडील मात्र फोनवर कोणाला तरी पंचांचा निर्णय कसा चुकला ते अर्धा तास समजावीत होते.

म्हणून येणाऱ्या आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. रेषेबाहेर बसा, टाळ्या दोन्ही संघांना वाजवा, पंचांशी हुज्जत घालू नका, आणि परतीच्या गाडीत सामन्याचा विषय मुलाने काढल्याशिवाय काढू नका. आणि आम्हां गावकऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या आमच्या या गावात मोकळी जागा दिसली, की लोकांना तिथे इमारत दिसू लागते. पण मैदान म्हणजे रिकामा प्लॉट नव्हे. ते मुलांचे घर आहे, आणि घरच नसेल तर पाहुण्याला बोलावायचे कुठे?

तेव्हा या, अवश्य या. स्टेशनावर बाजू विचारून घ्या, कागद सांभाळा, पाणी बरोबर ठेवा. वाट चुकलात तर कोणालाही हाक मारा. विल्यमस्पोर्टला काका नेमावे लागले. आमच्याकडे अनोळखी माणसाला काका म्हणण्याची सवय मुलांना पूर्वीपासूनच आहे. ती हाक ऐकून थांबणे, एवढे काम आमचे.